धर्मसिंगच्या गाडीचा राग

"मी ॲक्सिलेटरला पायच लावला न्हाई!" धर्मसिंग जीपमधून ओरडला. मग जीभ चावून त्याने तेच वाक्य देवळात बोलावं तशा आवाजात पुन्हा म्हटलं, "मी पायच लावला न्हाई, मिरा."

जीप मात्र ओरडतच राहिली. गोरेगावाबाहेरच्या त्या तांड्यावर सकाळच्या प्रहरी तिने असा काही सूर लावला की कोंबड्या छपरावर चढल्या आणि शेजारच्या म्हशीने दूध चोरलं. डिझेलवर चालणारी जुनी गाडी. एरवी किल्ली फिरवली की खोकत, कुंथत चालू व्हायची आणि जागच्या जागी डुगडुगत उभी राहायची. आज चालू होताच ती अंगावर आल्यासारखी गरजायला लागली होती. धर्मसिंगने वाकून पाहिलं. पेडल वर होतं आणि पाय बाजूला होता.

"असू द्या," मिराबाई म्हणाली. "तुमी रागाला येऊ नका म्हंजे झालं."

"मी कुठं रागाला आलो?" धर्मसिंग दातांच्या फटीतून म्हणाला.

मिराबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या बॉनेटकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, समाधानाने मान हलवली. काल दुपारी भर उन्हात ही गाडीपाशी कशाला बसली होती, हे विचारायचं धर्मसिंगच्या मनात होतं. पण विचारायला गेलं तर आवाज चढेल, या भीतीने त्याने तो प्रश्न गिळला. गेले काही दिवस तो असे बरेच प्रश्न गिळत होता आणि त्यामुळे त्याचं पोट बिघडलेलं होतं.

याला कारण प्रेमदास. जवळा बाजारजवळच्या तांड्यावरचा हा गृहस्थ मिनाचा बाप. धर्मसिंगचा विकास पुण्याकडे कारखान्यात होता. त्याने मिनाला एका लग्नात पाहिलं होतं आणि करीन तर हीच करीन, नाहीतर दिवाळीला घरीच येत नाही, असं कळवून टाकलं होतं. मिनालाही पोरगा पसंत होता. अडलं होतं ते बापाच्या स्वभावावर. म्हणजे पोराच्या बापाच्या. प्रेमदासने निरोप धाडला होता, "पोरगा चांगला, घर चांगलं. पण धर्मसिंगभाऊ लई तापट हाय म्हन्तात. एक दिवस संगत राहून बघतो, मंग गूळ खाऊ." पंचांपुढे गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मग कोणाच्या बापाला शब्द फिरवता येत नाही.

आता धर्मसिंग तापट होता, हे त्याच्या शत्रूंनीच नव्हे तर मित्रांनीही कबूल केलं असतं. एकदा नट सुटेना म्हणून त्याने पाना विहिरीत फेकला होता, आणि पान्याशिवाय नट सुटेना म्हणून त्याच रागात स्वतः विहिरीत उतरून तो वर आणला होता. रेडिओवर बातम्या चालू असल्या की तो रेडिओशी भांडायचा. तांड्यावर आपसात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली चालायची, पण राग आला की धर्मसिंग मराठीत यायचा, कारण शिव्या त्याला मराठीत जास्त येत होत्या. अशा माणसाने सेवालाल महाराजांची आण घेऊन बायकोला शब्द दिला होता की गूळ खाईपर्यंत आवाज चढवणार नाही. तांड्यावर कोणाचाही यावर विश्वास बसला नव्हता.

तर पाहुण्यांना आणायला नवरा-बायको निघाले. गाडी थांबली की गरजायची आणि चालली की पळायची. धर्मसिंग सेनगाव, हिंगोली, औंढा करत ब्रेकवर पाय देऊन जवळा बाजारपर्यंत गेला. रस्त्याविषयी त्याने चकार शब्द काढला नाही. मी काढतो, मला कोणाची आण नाही. हिंगोली जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि जिल्हा झाल्याच्या आनंदात रस्ते करायचे राहून गेले होते. ज्याने कोणी त्या खड्ड्यांवर नुसती खडी टाकून डांबराचं बिल काढलं, त्याला त्याच रस्त्यावरून त्याच गाडीत बसवून रोज औंढ्याला न्यायला हवं.

प्रेमदासच्या घरी जेवण झालं. प्रेमदास पांढऱ्याशुभ्र धोतरातला सडपातळ माणूस. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. पाहुण्यांपुढे दोन्ही घरं मराठीत बोलत होती, ते जरा भारदस्त दिसतं म्हणून. भाजीत मीठ किंचित कमी होतं. प्रेमदासने एक घास घेतला, एका बोटाने ताट हळूच पुढे सरकवलं आणि हसतमुखाने धर्मसिंगला विचारलं, "कापूस कसा काय हाय औंदा तुमच्याकडं?" त्याची बायको रुख्मिणीबाई काही न बोलता उठली, ते ताट उचलून आत गेली आणि दुसरं घेऊन आली. कापसाचं बोलणं तुटलं नाही. मिराबाईच्या मनात आलं, काय शांत माणूस आहे.

परत निघताना पुढे धर्मसिंग आणि प्रेमदास बसले, मागे दोघी बायका. धर्मसिंगने किल्ली फिरवली आणि जीप भडकली. प्रेमदासने दचकून आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायाकडे.

"धर्मसिंगभाऊ, आमच्या घरी काही कमी-जास्त झालं का?"

"न्हाई, काहून?"

"न्हाई म्हनलं, तोंडानं गोड बोलून राहिले अन् पायानं शिव्या देऊन राहिले."

"अवो, पाय कुठं लावला मी? गाडीतच बिघाड हाय सकाळपासून."

"असंन," प्रेमदास हळूच म्हणाला. "आमचा एक चुलता बी असंच म्हनायचा. मी मारत न्हाई, काठीच आपोआप उठते म्हनायचा."

धर्मसिंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने स्टिअरिंग असं दाबून धरलं की ते पिळलं असतं तर त्यातून पाणी निघालं असतं.  मागच्या सीटवर मिराबाई पाहत होती. नवरा गप्प आणि गाडी पिसाळलेली. तिचा चेहरा खुलत चालला होता.

रुख्मिणीबाई तिच्या कानाशी लागली. "ताई, एक इचारू? राग आला की तुमचे हे ताट सरकवतात का?"

"ताट?" मिराबाई चकित झाली. "ताट कशाला सरकवतील? उलट राग आला की दोन भाकरी जास्ती खातात. मीच ताट वढून घेते."

रुख्मिणीबाई खिडकीबाहेर पाहू लागली. 

इकडे गाडी उतारावर ब्रेकला जुमानेना. ब्रेकचा जळका वास यायला लागला. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने जाता जाता हात बाहेर काढून विचारलं, "काहून रे, मसनात जाऊन राहिला का?" एरवी धर्मसिंगने गाडी वळवून त्या एसटीचा पाठलाग केला असता. आज तो म्हणाला, "रामराम."

"बगा," प्रेमदास म्हणाला, "लोकं बी वळखतात तुमाला."

आता माणसाने किती सोसायचं? धर्मसिंग म्हणाला, "प्रेमदासभाऊ, इश्वास न्हाई ना तुमचा? मंग हे बगा!" आणि त्याने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि कीर्तनाला बसल्यासारखी मांडी घातली. "आता सांगा, पाय कुठं हाय माहा?"

पाय कुठेच नव्हता आणि गाडी मात्र बाणासारखी सुटली होती. सिद्धांत बरोबर होता, फक्त ब्रेकवरही पाय नव्हता, आणि वळणावर शेळ्या होत्या. दोघी बायका एकदम ओरडल्या. धर्मसिंगने मांडी मोडून ब्रेक दाबला, एका हाताने इंजिन बंद करायची तार खेचली, आणि गाडी एका बोकडाच्या दाढीपाशी येऊन थांबली. बोकडाने बंपर हुंगला. शेळ्यावाल्याने जे काय म्हणायचं ते म्हटलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. धर्मसिंगने त्यालाही रामराम केला.

पण बंद केलेली गाडी आता चालू होईना. बॅटरी कित्येक महिने मरायला टेकलेली होती, तिने हाच मुहूर्त धरला. किल्ली फिरवली की नुसतं टक् व्हायचं.

"आता?" प्रेमदासने विचारलं.

"आता जरा धक्का," धर्मसिंग खाली मान घालून म्हणाला.

होणाऱ्या व्याह्याला धक्का मारायला लावणं, हे काही मान-पानात बसत नाही. पण शेळ्यावाला मदत करायच्या मनःस्थितीत नव्हता. प्रेमदासने धोतर आवरलं. दोघी बायकांनी पदर खोचले. गाडी हलली, धर्मसिंगने क्लच सोडला, इंजिन पेटलं, आणि आज त्याला जे काय झालं होतं त्याप्रमाणे ते पेटलं ते पूर्ण ताकदीनिशी. जीपने मागे काळ्या धुराचा एक लोट सोडला आणि ती जी पळाली ती वळणाआड दिसेनाशी झाली. धूर विरला तेव्हा रस्त्यात प्रेमदास उभा होता. वरून पांढरा, गुडघ्यापासून खाली काळा.

पुढे वळणापलीकडे लिंबाखाली गाडी गरजत उभी होती आणि धर्मसिंग दोन्ही हातांनी या, या करत होता. तिघेजण चालत आले.

"निघून जायचं होतं तर सांगायचं," प्रेमदास मऊ आवाजात म्हणाला. "आमी एसटीनं गेलो असतो." मग धोतराकडे पाहत त्याने जोडलं, "मला वाटतं, गुळाचं जरा लांबणीवर टाकावं. पोरीचा सवाल हाय."

हे ऐकल्यावर धर्मसिंगचा राग एकदम उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. विकासचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. आता एकच मार्ग होता. हा राग आपला नसून इंजिनाचा आहे, हे प्रेमदासच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायचं. त्याने गाडी थेट हिंगोलीत बसस्टँडमागच्या रतनसिंग मिस्तरीच्या गॅरेजात घातली.

रतनसिंग मिस्तरीच्या गालात कायम तंबाखूचा बार असायचा. त्यामुळे तो हनुवटी वर करून, आभाळाशी बोलल्यासारखा बोलायचा. कोणत्याही गाडीचा बिघाड त्याला न बघता समजायचा, आणि तो चुकला तर गाडी खोटं बोलते आहे, असं त्याचं मत होतं.

"मिस्तरी, गाडी आपोआप रेस होऊन राहिली," धर्मसिंग म्हणाला. "ह्या पाव्हन्यांपुढं सांगा, आपोआप व्हती का न्हाई."

रतनसिंगने आभाळाकडे बघून निदान केलं, "पाय जड हाय तुमचा."

"बराबर," प्रेमदास म्हणाला.

"अवो, पाय न्हाई! पाय वर घेतला तरी पळती!"

"मंग तार आटकली." रतनसिंगने ॲक्सिलेटरची तार सोडली, तेल घातलं, परत बसवली. गाडी तशीच गरजली. "मंग स्प्रिंग गेली." स्प्रिंग बदलली. गाडी जास्तच गरजली. "मंग पंप गेला. परभनीला पाठवावा लागंन. आठ दिस जातीन."

"आठ दिवस?" धर्मसिंगचा आवाज चढायला लागला. मिराबाई खाकरली. आवाज उतरला. "मिस्तरी, गूळ आज खायचा हाय. जरा नीट बगा ना."

"मिस्तरी कोन, तुमी का मी?" रतनसिंग भडकला. त्याला कोणाची आण नव्हती. तरी बडबडत, पाने आपटत त्याने पंपाच्या पाठीमागची एक काळी रबरी नळी दोन्ही टोकांना सोडवली आणि तशीच बॉनेटच्या कडेला ठेवली. "ऐका. इंजिन हवा वढतं. त्या वढीतली थोडी वढ ह्या नळीतून पंपाला जाती. पंपात पडदा हाय. वढ आली की पडदा मागं सरतो अन् डिझेल कमी व्हतं. वढ न्हाई आली तर पंपाला वाटतं, मोकळं रान हाय, सोडा डिझेल. आता पडदा फाटला असंन तर पंप परभनीला. फाटला नसंन तर दुसरं कायतरी."

"मंग बगा की."

"तोंडानं वढून बगावं लागतं. माह्या तोंडात तंबाखू हाय. तुमी वढा."

त्याने पंपाच्या तोंडाला नळीचा एक नवा तुकडा लावला आणि दुसरं टोक धर्मसिंगच्या तोंडात दिलं. चालक, मालक आणि होऊ घातलेला व्याही असलेला धर्मसिंग बॉनेटखाली वाकून, डिझेलची चव घेत, लहान लेकराने बाटली ओढावी तशी ती नळी ओढू लागला. रतनसिंगने दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं आणि शांतपणे डुगडुगत राहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती गाडी गाडीसारखी चालत होती. रतनसिंगने आभाळाकडे बघून मान डोलावली. "पडदा चांगला हाय."

धर्मसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं, काही आनंदाचं, काही डिझेलचं. त्याने नळी सोडून विजयाने प्रेमदासकडे वळत म्हटलं, "बगितलं का?"

गाडी गर्रर् करून उसळली. बॉनेट थडथडलं.

"नळी सोडू नका!" रतनसिंग ओरडला. धर्मसिंगने पुन्हा तोंड लावलं. गाडी शांत झाली.

प्रेमदास हे लक्ष देऊन पाहत होता. "म्हंजे ह्यांनी तोंड उघडलं की भडका उडतो," तो हळूच म्हणाला. "हे तर लोकं बी सांगत व्हते."

धर्मसिंगने उत्तर द्यायला तोंड काढलं, गाडी गरजली, त्याने तोंड लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा गरजली. शेजारच्या चहाच्या हॉटेलातले लोक कप घेऊन बघायला आले. एका म्हाताऱ्याने विचारलं, गाडीला दूध पाजून राहिले का? धर्मसिंगला या सगळ्यांना बरंच काही सांगायचं होतं, पण त्याचं तोंड नळीत होतं. उभ्या आयुष्यात त्याचा असा कोंडमारा झाला नव्हता.

"मंग खराबी ह्या जुन्या नळीत," म्हणत रतनसिंगने बॉनेटच्या कडेची नळी उचलली. वरून ती धडधाकट दिसत होती. त्याने ती उलटी केली आणि तंबाखू गिळली.

नळीच्या खालच्या अंगाला, ग्रीसच्या काळ्या थरात, एक पांढरीशुभ्र कवडी चमकत होती. तिच्या शेजारी एक बिब्बा. दोन्ही लाल दोऱ्याने रबरात शिवलेले, आणि तेही कसे? एकसारखे, घट्ट, आरपार टाके, कडेला नाजूक साखळी आणि शेवटी सुबक गाठ. पदरावर आरसे टाकताना तांड्यावरच्या बायका घालतात तो टाका. दाभणाच्या प्रत्येक भोकातून हवा जायला ऐसपैस वाट होती.

"हे कोनत्या गॅरेजात केलं?" रतनसिंगने विचारलं.

रुख्मिणीबाईने नळी हातात घेऊन टाक्यावरून बोट फिरवलं. मग तिने मिराबाईच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीवर तोच टाका होता, तीच साखळी होती.

धर्मसिंगनेही पाहिलं. नळी तोंडात असल्यामुळे त्याचे फक्त डोळे मोठे झाले.

"एका भगतानं तोडगा सांगितला," मिराबाई रडवेली होऊन म्हणाली. "म्हनला, ज्या जागी त्याचा राग उठतो त्या जागी बांध, सगळा राग निघून जाईन. मी म्हनलं, ह्यांचा राग कुठं उठतो? बॉनेट उघडलं की उठतो. मंग एक मऊ जागा बघून टाका घातला. दिसू नये म्हनून खालून घातला. अन् सकाळपासून हे गप अन् गाडी वरडून राहिली, मला वाटलं, गुन आला."

हॉटेलातले लोक हसले. प्रेमदास मात्र हसला नाही. तो मिराबाईजवळ गेला आणि अगदी मऊ, अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्यापायी आमी आज मेलो असतो. असं बिनअकलेचं काम करावं का? आमच्या घरात कोनी असं केलं असतं, तर मी आवाज बी चढवला नसता. म्हैनाभर तिच्या हातचं पानी घेतलं नसतं. आपोआप शानी झाली असती. बाईमानसाला असंच ठेवावं लागतं, धर्मसिंगभाऊ. तुमी लई सैल सोडलं."

मिराबाईने मान खाली घातली. तिच्या शेजारी रुख्मिणीबाईनेही घातली, सवयीने.

धर्मसिंगने नळी थुंकली.

गाडी पूर्ण ताकदीने गरजली आणि धर्मसिंग तिच्यापेक्षा मोठ्याने गरजला. "ओ पाव्हनं! माह्या बायकोला अक्कल शिकवायचं काम न्हाई! काय सैल, काय ठेवावं लागतं? ढोर हाय का ती? नळी माही, गाडी माही, बायको माही! चुकली असंन तर मी वरडंन, अन् ती मला वरडंन, अन् सांजच्याला आमी एका ताटात जेवू! म्हैनाभर पानी न्हाई पिनार म्हनं! तहान लागली तर मरा ना मंग!" पुढे तो प्रेमदासच्या चुलत्याविषयी बोलला, त्या चुलत्याच्या काठीविषयी बोलला, काळ्या धोतराविषयी बोलला, एसटीच्या ड्रायव्हरविषयी बोलला, ज्याचा इथे काहीच संबंध नव्हता, आणि औंढ्याच्या रस्त्याविषयीही बोलला, ज्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. सकाळपासूनचं सगळं निघालं. बॉनेट थरथरत होतं, पत्रे वाजत होते, हॉटेलवाल्याच्या कपातला चहा हिंदकळत होता.

रतनसिंगने तार खेचली. इंजिन बंद झालं. एकदम झालेल्या शांततेत धर्मसिंगचं शेवटचं वाक्य एकटंच बाहेर पडलं, "गेली उडत तुमची सोयरीक!"

मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. तो मटकन टायरवर बसला. आण मोडली होती आणि पोराचं लग्नही मोडलं होतं. मिराबाईकडे बघायची त्याची छाती होईना.

प्रेमदासने उपरणं झटकलं. "चला," तो बायकोला म्हणाला. "परभनीची एसटी लागलेली असंन. बघितलं ना? मी म्हनलंच व्हतं, तापट हाय."

रुख्मिणीबाई जागची हलली नाही.

"मी बी बगितलं," ती म्हणाली. दिवसभरात चारचौघांत तिचा शब्द पहिल्यांदाच ऐकू आला. तो काही मऊ नव्हता. "ह्यांना राग आला, तर बायकोसाठी आला. आन मोडली, तर बायकोसाठी मोडली. माही मिना ह्याच घरात जाईन."

"अगं, पन..."

"आवाज चढत न्हाई तुमचा, मला ठावं हाय. ताट तेवढं सरकतं. येवढे वर्सं मी दुसरं ताट आनून राहिले. माह्या पोरीला ते शिकवायचं न्हाई मला." मग ती हॉटेलवाल्याकडे वळली. "दादा, गूळ हाय का थोडा? पंचांपुढं व्हईन तवा व्हईन. तोंड आताच गोड करू."

हॉटेलवाल्याने चहाच्या डब्यातून गुळाचा खडा काढून दिला. रुख्मिणीबाईने आधी तो मिराबाईच्या तोंडात घातला, मग धर्मसिंगच्या. धर्मसिंगच्या तोंडात अजून डिझेल होतं. तरी इतका गोड गूळ आपण कधी खाल्ला नाही, असं तो पुढे कित्येक वर्षं सांगायचा. प्रेमदासला काय करावं सुचेना. सवयीने त्याने समोरचं काहीतरी सरकवायला बोट पुढे केलं, पण समोर ताट नव्हतं. रुख्मिणीबाईने त्या बोटावरच गूळ ठेवला, आणि चारचौघांत त्याला तो खावा लागला.

रतनसिंगने नवी नळी बसवली. गाडी कुरकुरत, डुगडुगत चालू झाली आणि सेनगावच्या रस्त्याला लागली. धर्मसिंग फुगून बसला होता. राग उतरला होता, पण मनाला एक गोष्ट लागली होती.

"म्हंजे माह्या शब्दावर भरोसा नव्हता तुहा," तो मागे न बघता म्हणाला. "मी महाराजांची आन घेतली, अन् तू गेली भगताकडं."

"नव्हता," मिराबाई म्हणाली. "अन् बराबरच व्हतं ते."

 धर्मसिंगने एका खड्ड्याला शिवी दिली आणि त्याला बरं वाटलं. शेजारी प्रेमदास बोटाला चिकटलेला गूळ धोतराला पुसत होता.  

मागच्या सीटवर रुख्मिणीबाईने नळीचा तो शिवलेला तुकडा मांडीवर घेतला होता. तिने पुढच्या दोघांकडे पाहून घेतलं आणि मिराबाईच्या कानाशी लागली.

"ताई, त्या भगताचं गाव कोनतं?"

"कशाला बाई? बगितलं ना काय झालं ते."

"झालं ते बराबरच झालं की. दिसभर तुमच्या ह्यांचा राग गाडीत व्हता, मीच बगत व्हते." ती जरा थांबली. "पन आमच्याकडं गाडी न्हाई. मालकाची सायकल तेवढी हाय. सायकलीला चालंन का?"

मिराबाईने थोडा विचार केला.

"चालंन की," ती म्हणाली. "फकस्त ट्यूबला टाका घालू नका."